जिंतूर : दोन उंबरठ्यांची गोष्ट

सहलीला जायचं म्हटलं की आपल्या घरोघरी यादी ठरलेली असते. मुलांना समुद्र हवा असतो, सासूबाईंना देवदर्शन, आणि यजमानांना दोन दिवस शांत झोप! या यादीत जिंतूरचं नाव कधीच नसतं. परभणी जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव ज्यांना ठाऊक असतं, त्या एकतर तिथल्या माहेरवाशिणी असतात, नाहीतर नवऱ्याची बदली झाली म्हणून तिथे चार वर्षं संसार थाटून आलेल्या असतात. आज मात्र मी तुम्हांला जिंतूरलाच घेऊन जाणार आहे. आणि बरं का, वाटेत फिनलंड नावाच्या फार दूरच्या देशातल्या एका शेतकरी कुटुंबाची गोष्टही सांगणार आहे. "कुठे जिंतूर नि कुठे फिनलंड!" असं तुम्ही म्हणाल. जरा धीर धरा. बस तर सुटू द्या!

परभणीपर्यंत आगगाडीने यायचं आणि तिथून एस.टी.ने उत्तरेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर जायचं. थंडीचे दिवस निवडा. उन्हाळ्यात इथलं ऊन लेकराबाळांना सोसायचं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, कापूस, तूर, ज्वारी. जिंतूर जवळ येऊ लागलं की सपाटी संपते आणि लहान लहान टेकड्या दिसू लागतात. डब्यात धपाटे आणि दही घ्या. गावात कुणाकडे उतरणार असाल, तर येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी मागून खा, संकोच करू नका. सकाळी न्याहरीला चुरमुऱ्यांचा सुशीला मिळाला, तर तुम्ही मराठवाड्यात पोचलात याची खूणच पटेल.

पहिल्यांदा नेमगिरीला चला. गावापासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी आणि चंद्रगिरी अशा दोन टेकड्या आहेत. जिंतूरचं जुनं नाव जैनपूर होतं असं सांगतात, ते इथे आल्यावर पटतं. डोंगराच्या पोटातल्या गुंफांची दारं ठेंगणी. उभ्याने आत जाता येत नाही, पदर सावरून वाकूनच शिरावं लागतं. आत गेल्यावर मात्र नेमिनाथ, शांतिनाथ यांच्या भव्य मूर्ती समोर येतात, आणि एवढ्याशा दारातून एवढी मूर्ती आत आली कशी, हा प्रश्न हमखास पडतो. पार्श्वनाथांची मूर्ती तर एका लहानशा दगडावर टेकलेली आहे, म्हणून तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. लहान मुलांना हे फार आवडतं.

दुसऱ्या दिवशी येलदरीला जा. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ साली पुरं झालं. पाणी चांगलं असेल त्या वर्षी नजर पोचेल तिथवर निळाई दिसते. वेळ असेल तर चारठाण्याची जुनी हेमाडपंती देवळं आणि तिथला दीपस्तंभही बघून घ्या. पण येलदरीच्या काठावर जरा बसा आणि उत्तरेकडे तोंड करा, कारण आपली खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

नदीच्या पलीकडे, उत्तरेला, वऱ्हाड लागतं. आज आपण जिंतूरहून लोणारला जातो तेव्हा मध्ये काही आडवं येत नाही. एक जिल्हा संपतो, दुसरा सुरू होतो, एवढंच. पण १९४८ पर्यंत ही दोन राज्यांमधली हद्द होती. अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान, पलीकडे वऱ्हाड. १५ ऑगस्ट १९४७ ला पलीकडच्या गावांत तिरंगा लागला, पेढे वाटले गेले. अलीकडे मात्र झेंडा लावला म्हणून माणसं तुरुंगात जात होती. निजामाने भारतात सामील व्हायचं नाकारलं. नोव्हेंबरात 'जैसे थे' करार झाला, पण जैसे थे काहीच राहिलं नाही. कासीम रझवीच्या रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालू होता आणि हद्दीलगत कार्यकर्त्यांच्या छावण्या होत्या. मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं रात्रीत घर सोडून हद्दीपार गेली. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज आत शिरली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. त्या कारवाईला लोक आजही 'पोलिस ॲक्शन' म्हणतात, आणि १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतात.

हे सगळं शाळेच्या पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते घरात आहे. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्याकडे कधी कान दिलात तर लक्षात येईल, की त्यांचं पंचांग वेगळं असतं. "तुमचा थोरला कधीचा?" म्हटलं तर साल सांगत नाहीत. "रझाकारीच्या वक्ताला पोटात होता" असं म्हणतात. धान्य पेवात दडवायचं, डाग चुलीखाली पुरायचे, तरण्या लेकी-सुनांना माळवदावर लपवायचं, लेकरू रडू नये म्हणून तोंडावर पदर धरायचा, अशा गोष्टी त्या भागात घरोघर ऐकू येतात. जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळक्यांनी हत्यार हाती घेतलं, म्हणून त्यांचं नाव इतिहासात राहिलं आणि ते राहायलाच हवं. पण जिने पाठीला लेकरू बांधून रात्री नदी ओलांडली आणि चार महिन्यांनी परत येऊन लुटलेल्या घरात पुन्हा चूल मांडली, तिचं नाव कुठल्या फलकावर असणार?

आता फिनलंडकडे वळू. तिथे १९१८ साली, जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत, यादवी युद्ध झालं. एका बाजूला कारखान्यातले मजूर, शेतमजूर आणि कुळं. त्यांना 'लाल' म्हणत. दुसऱ्या बाजूला जमीनदार, सरकारी माणसं आणि मोठे शेतकरी. ते 'पांढरे'. पांढरे जिंकले. तीस-एकतीस लाख वस्तीच्या त्या देशात सुमारे ३६ हजार माणसं मेली. लढाईत मेली त्यांच्यापेक्षा जास्त माणसं गोळ्या घालून मारली गेली, किंवा हरलेल्यांसाठी उघडलेल्या तुरुंगछावण्यांत भुकेने आणि रोगाने गेली. जिंकलेल्यांनी आपल्या लढाईला नाव दिलं 'मुक्तियुद्ध'. त्यांच्या मृतांची स्मारकं झाली. हरलेल्यांची प्रेतं खड्ड्यांत एकत्र पुरली गेली, आणि बऱ्याच गावांत त्यांच्या आयांना तिथे नावाचा दगड लावायलाही वर्षानुवर्षं मिळालं नाही.

चाळीस वर्षं हे असंच होतं. मग व्हैनो लिन्ना नावाच्या लेखकाने तीन भागांची एक कादंबरी लिहिली, 'इथे ध्रुवताऱ्याखाली'. १९५९, १९६० आणि १९६२ अशा तीन साली ती निघाली. हा लेखक मोठा पंडित नव्हता बरं का! ताम्पेरे शहरातल्या कापडगिरणीत त्याने कामगार म्हणून वर्षं काढलेली. त्याने राजे, सेनापती बाजूला ठेवले आणि एकच घर घेतलं. युस्सी नावाचा गडीमाणूस चर्चच्या मालकीची दलदल उपसून, खणून तिथे शेत करतो, घर बांधतो. पण जमीन त्याची नव्हे, तो कूळ. बदल्यात मालकाच्या शेतावर ठरलेले दिवस राबायचं. एवढ्या कष्टाने कसलेल्या जमिनीतला तुकडा मालक परत मागतात, तेव्हा त्या घरात जो राग साठतो, तो आपल्याकडच्या कुठल्याही कुळाच्या घरात कुणी वेगळा समजावून सांगायला नको. युस्सीचा मुलगा अक्सेली लालांकडून लढतो. त्याचे दोघे भाऊ गोळ्या घालून मारले जातात. गावाला संघटना शिकवणारा शिंपीही मारला जातो. अक्सेली तुरुंगातून कसाबसा जिवंत परत येतो. आणि या सगळ्यात घर कोण चालवतं? त्याची आई आल्मा आणि बायको एलिना. गाई धुवायच्या, भाकरी थापायची, लेकरं झोपवायची, आणि दारात सैनिक आले की पुढे जाऊन उभं राहायचं. पुढच्या युद्धांत एलिनाचे तीन मुलगे जातात, आणि ते मात्र सगळ्या देशाचे हुतात्मे ठरतात. म्हणजे सासूचे मुलगे देशद्रोही आणि सुनेचे देशभक्त! एकाच घरात, एकाच चुलीपाशी हा न्याय सोसायचा.

कादंबरीचा दुसरा भाग आला तेव्हा इतिहासाच्या प्राध्यापकांशी वाद झाले. पण वाचकांनी ती आपली मानली. तिच्यावर १९६८ साली चित्रपट निघाला, आणि फिनलंडच्या रंगमंचावर ती पुन्हा पुन्हा उभी राहिली. तिथल्या उन्हाळ्यात रात्र उशिरा होते, म्हणून गावोगाव उघड्यावर नाटकं चालतात, हौशी माणसं कामं करतात. ज्या घरांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, त्यांची नातवंडं त्या नाटकाला शेजारीशेजारी बसू शकली. नाटकाने मेलेली माणसं परत येत नाहीत. पण ज्या आजीला चाळीस वर्षं मुलाचं नाव काढायची चोरी होती, तिच्या घरातलं दुःख चारचौघांत उच्चारलं गेलं. हे काही थोडं नाही.

त्याच ताम्पेरे शहरात, जिथे १९१८ ची सगळ्यांत मोठी लढाई झाली, तळ्याकाठच्या झाडीत एक उघडं नाट्यगृह आहे, प्यूनिक्की नावाचं. १९५९ सालापासून तिथे एक गंमत आहे. आपल्याकडे फिरता रंगमंच असतो, तिथे प्रेक्षकच फिरतात! शेकडो माणसं बसलेला सबंध गोल ओटा हळूहळू वळतो आणि समोर दुसरं घर, दुसरी वाट, दुसरं तळं येतं. जागेवरून न उठता दुसऱ्याचं अंगण दिसतं. येलदरीच्या काठावर बसल्यावर मला त्या फिरत्या बैठकीचीच आठवण होते, आणि वाटतं, आपली बैठक अजून एकाच घराकडे तोंड करून उभी आहे.

कारण जिंतूरच्या गोष्टीलाही दुसरा उंबरठा आहे, मैत्रिणींनो. १७ सप्टेंबरला सगळं संपलं असं आपण शिकलो. पण त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानच्या बऱ्याच भागांत सूड घेतला गेला. रझाकार पळाले किंवा पकडले गेले. सूड मात्र कितीतरी ठिकाणी अशा मुसलमान घरांवर निघाला, ज्यांनी कधी बंदूक हातात धरली नव्हती. विणकर, शेतमजूर, छोटे दुकानदार, आणि त्यांच्या बायका-मुली. पंडित नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या समितीला पाहणीसाठी पाठवलं. १९४८ च्या अखेरीस ती समिती गावोगाव फिरली. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. सगळ्यांत जास्त झळ तेव्हाच्या उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसल्याचं तिने नोंदवलं. नांदेड म्हणजे परभणीचा अगदी सख्खा शेजार. तो अहवाल दप्तरात पडून राहिला आणि २०१३ च्या सुमारास लोकांना बघायला मिळाला. त्यातच हेही लिहिलेलं आहे की, कितीतरी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबांना वाचवलं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग काय मुक्तिसंग्राम खोटा? मुळीच नाही. निजामाची राजवट जायलाच हवी होती, आणि ती घालवायला ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला, जीव दिला, त्यांचं ऋण आपल्यावर आहे. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, १९५० साली कुळकायदा आला, कसणाऱ्याला आधार मिळाला. फिनलंडच्या कुळांनाही १९१८ च्या कायद्याने जमीन विकत घ्यायची वाट मोकळी झाली. ही मोठी कामं झाली. पण मोठं काम खरं होतं म्हणून एका घरातली विधवा रडली नाही, असं होत नाही. आपण सुना आहोत. एकाच घरातल्या भांडणात दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायची सवय आपल्याला लग्नानंतर पहिल्या वर्षातच लागते. दोन्हीकडचं ऐकलं म्हणजे न्याय सोडला असं थोडंच असतं?

आणि तसे हे दोन उंबरठे लांब तरी कुठे आहेत? परभणीला दर फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. त्या गर्दीत कुठल्या बाईचा नवस कुठल्या देवाचा, हे कुणी विचारत नाही. मराठवाडी बोलीत उर्दूची सरमिसळ इतकी आहे की, भांडतानासुद्धा एकमेकींचेच शब्द वापरावे लागतात.

म्हणून मला वाटतं, जिंतूरच्या मातीतलं असं एक घराण्याचं नाटक व्हायला हवं. इतकं लांब नाटक बघणार कोण, अशी शंका काढू नका. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगमंचावर आलं. पुढे १९९४ साली 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' यांच्यासह ही तिन्ही नाटकं चंद्रकांत कुलकर्णी यांनी एकत्र बसवली. सलग तासन् तास चालणारा तो प्रयोग लोकांनी मन लावून पाहिला. एका घराच्या चार भिंतींत किती काळ मावतो, ते मराठी प्रेक्षकाला ठाऊक आहे. शिवाय परभणीला राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र असतं, हौशी मंडळींची तिथे उणीव नाही.

पण संहिता कुठून आणायची? ती तुमच्याआमच्या घरात आहे, आणि तिला फार वेळ उरलेला नाही. १९४८ साली जी मुलगी दहा वर्षांची होती, ती आज नव्वदीकडे झुकली आहे. तुमचं माहेर, सासर किंवा आजोळ मराठवाड्यात असेल, तर पुढच्या दिवाळीत फराळाचं आवरलं की तिच्यापाशी बसा. "रझाकारांविषयी सांगा" असं एकदम विचारू नका. मग ती पुस्तकातलंच सांगते, किंवा गप्प बसते. त्यापेक्षा विचारा, त्या दिवसांत घरात काय शिजत होतं? पाणी कोण आणायचं? लग्नाची साडी कुठे दडवली होती? गाय कुणाच्या हवाली केली होती? परत आल्यावर दाराला कुलूप होतं की दारच नव्हतं? आणि शेवटी, अगदी हळू आवाजात विचारा, शेजारचं कुटुंब पुढे कुठे गेलं? ती जे सांगेल ते तिच्याच बोलीत लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. वहीवर तारीख घाला. दुसऱ्या आळीतल्या, दुसऱ्या धर्माच्या म्हातारीचं सांगणंही त्याच वहीत, त्याच शाईने उतरवून घ्या. घरच्यांनी हरकत घेतली तर नावं वगळा, गोष्ट वगळू नका.

मग महिला मंडळात आठ-दहा जणी मिळून ते नुसतं वाचून बघा. पडदे, रंगरंगोटी काही नको. एखाद्या जुन्या वाड्याचं अंगण, एक जातं, एक कंदील, आणि समोरासमोर मांडलेले दोन उंबरठे. एका उंबरठ्यावर १९४८ चा उन्हाळा, दुसऱ्यावर त्याच सालचा ऑक्टोबर. बघणाऱ्यांच्या सतरंज्या मधोमध घाला. एक प्रवेश संपला की त्यांनी नुसतं बसल्या जागी वळायचं. फिनलंडला त्यासाठी लोखंडी ओटा फिरवावा लागतो, आपलं काम सतरंजीवरही होईल!

जिंतूरला गेलात तर नेमगिरी बघा, येलदरी बघा, तिथून औंढा नागनाथाचं दर्शनही घेऊन या. पण परतीची बस लगेच पकडू नका. संध्याकाळी गावात एक चक्कर मारा. धाब्याची जुनी घरं अजून कुठे कुठे उभी आहेत, आणि त्यांच्या ओट्यावर वाती वळत किंवा तसबीह ओढत कुणी ना कुणी बसलेली असते. तिला नमस्कार करा, नाहीतर सलाम करा, आणि शेजारी बसा. प्यायला पाणी मागा. पाणी दिलं की मराठवाड्यातली बाई आपणहून बोलायला लागते.